पेडर रोड परवडला, वरचा बर्थ नको

मुंबई मॅरेथॉनला जाताना शर्यत सुटते त्या सीएसएमटीजवळच मुक्काम करा, हा तुमच्या मॅरेथॉनवरच्या लेखातला सल्ला शंभर टक्के पटला. आम्ही चौघं सांगलीकर पैसे वाचवायला डोंबिवलीला मित्राच्या बहिणीकडे उतरलो आणि रात्री अडीचला उठून बसलो. झोप कसली! सी-लिंकवर वारा खात मजेत पळालो, पण पस्तीसेक किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ आला आणि पोटऱ्या आवळल्या. तिथं एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. त्या फोडीवरच पुढचं अंतर काढलं म्हणा ना. आणि हो, परतीला महालक्ष्मी एक्सप्रेसचे लोअर बर्थच बघा. आमच्यातल्या एकाला वरचा मिळाला. 42 किलोमीटर पळालेला गडी, शेवटी तिघांनी खालून ढकलून वर चढवला.