भाषा फक्त ७ टक्के? मग हे औषध खुणांनी समजावून दाखवा

'परक्या मुलखातल्या माणसांशी बोलायची पाच सूत्रं' हा मेसेज महिनाभर फिरतोय. परवा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. पाठवणारा माझा मावसभाऊ, तासगावकडचा द्राक्षबागायतदार. वर त्याचं वाक्य, 'बघा, भाषेवाचून काही अडत नाही.' गेल्या ऑक्टोबरात त्याच्याच बागेत काय झालं हे माहीत असताना त्यानं हे पाठवावं, याचा मला राग आला.

मेसेजात म्हटलंय ते असं. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि हावभाव. खुणा जगभर सारख्याच. मान हलली म्हणजे समोरच्याला समजलं. नजर चुकवतो तो खोटं बोलतो. आणि हिंदी भारतात सगळ्यांना येतेच, जरा मोठ्यानं आणि सावकाश बोला.

आधी ते ९३ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. एका प्रयोगात 'मेबी' हा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. शब्द एक आणि सूर दुसरंच सांगत असेल, तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, हा प्रश्न होता. आवडनिवड किंवा भावना सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मग ते मजुराला काम समजावण्याला कसं लागू होईल?

आता बागेतली गोष्ट. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. औषध जहाल आहे, कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू प्यायली, तर शरीराला ती नीट पचवता येत नाही. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. म्हणून लावायच्या आधी आणि नंतरही काही दिवस दारू वर्ज्य.

गेल्या ऑक्टोबरात पेस्ट लावायला आलेल्या मजुरांच्या टोळीत बिहारकडची मैथिली बोलणारी सहा पोरं होती. दादानं, म्हणजे याच मावसभावानं, हातमोजे वर धरून दाखवले, अंगठा तोंडाकडे नेऊन 'नाही' अशी मान हलवली आणि विचारलं, "समझा क्या रे?" सहाही माना हलल्या. "जी मालिक." त्यातल्या एकाला वाटलं, औषध पिऊ नका म्हणतायत. ते कोण पिणार होतं? संध्याकाळी त्यानं नेहमीसारखी क्वार्टर घेतली. रात्री नऊला त्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यायला मीही होतो. मान लालभडक, शर्ट घामानं चिंब, आणि तो सारखा छाती चोळत होता. वाचला.

सांगा, 'उद्यापर्यंत नाही, पुढचे काही दिवस नाही, आणि का नाही' हे कुठल्या खुणेनं सांगणार? काळ आणि कारण शब्दातच सांगावं लागतं.

आणि ती मान. मालकापुढे हललेल्या मानेचा अर्थ 'ऐकतोय' इतकाच असतो. 'नाही कळलं' म्हटलं तर उद्या कामावर घेतील का, ही भीती त्या पोरांना असते. खुणा सगळीकडे सारख्या, हेही खोटं. बल्गेरियात वरखाली मान म्हणजे 'नाही'. इतक्या लांब कशाला, दक्षिणेत होकाराला मान आडवी डोलते आणि आपल्याकडचा नवखा माणूस ती नकाराची समजतो.

नजरेबद्दल फार लिहीत नाही. थोरांपुढे खाली बघायला आपल्यालाही घरात शिकवलंय, ते काय खोटारडेपणा म्हणून?

हिंदीचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत भोजपुरी, राजस्थानी सगळ्या त्यात धरूनही हिंदी मातृभाषा असणारे ४४ टक्क्यांच्या आतच होते. आपल्याच सांगलीच्या जत तालुक्यात गावंच्या गावं कन्नड बोलतात. खानापूर-आटपाडीची गलाई माणसं केरळ-तमिळनाडूत सोनं गाळायला गेली, ती तिथली भाषा बोलूनच स्थिरावली. सोन्याच्या तोलामापाचा व्यवहार खुणांवर कोण करील?

एक मान्य करतो. आवाज चढला, कपाळाला आठी पडली, तर शब्द कितीही बरोबर असले तरी समोरचा मिटून जातो. त्या दिवशी दादा घाईत होता, त्याचा सूर बघूनच कुणी तोंड उघडलं नसेल. तेवढ्यापुरता मेसेज खरा.

यंदा आम्ही वेगळं केलं. पेस्टच्या दोन दिवस आधी टोळीतल्या वयस्क माणसाला सगळं हिंदीत समजावलं, मग त्यानं मैथिलीत पोरांना सांगितलं. दादानं 'समझा क्या' विचारलं नाही. प्रत्येकाला म्हणाला, "अब तू मुझे बता, क्या नहीं करना है?" 'नै बुझलियै' म्हणजे 'नाही कळलं', एवढं मैथिली तो आधीच शिकून घेऊन आला होता आणि त्यानं ते पोरांपुढे म्हणून दाखवलं. पोरं हसली. मग मागून एकानं विचारलं, "मालिक, बियर तो चलेगा ना?"

गेल्या वर्षी असं कुणी विचारलंच नव्हतं.