पिचोची मोठी मॅच मैदानाबाहेरची होती

बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट या कट्टर वैरी क्लबांच्या फुटबॉल सामन्याची वेळ कुणी रग्बीसाठी बदलेल, असं ब्यूनोस आयर्समध्ये म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. 7 ऑक्टोबर 2007 ला तेच झालं. त्याच दिवशी पॅरिसजवळ ‘लोस पुमास’, म्हणजे अर्जेंटिनाचा रग्बी संघ, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत स्कॉटलंडशी खेळत होते. (नाव पुमा, पण छातीवरचा प्राणी जग्वार! 1965 च्या दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेतल्या पत्रकाराने प्राणी ओळखायला चूक केली आणि त्या चुकीचंच बारसं झालं.)

कर्णधार होता आगुस्तिन पिचो. स्क्रम-हाफ. रग्बीतली सगळ्यात खटपटी जागा ही. धिप्पाड गडी एकमेकांना रेटत असतात, त्या ढिगाखालून चेंडू उचलायचा आणि पुढे कुणाच्या हातात द्यायचा ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. शिवाय तोंडाचा पट्टा चालू. पिचोचा तर रेफरीशीही चालायचा.

1995 मध्ये रग्बी व्यावसायिक झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा. अर्जेंटिनातले क्लब मात्र हौशीच राहिले. रग्बीवर पोट भरायचं तर बोजाबिस्तरा बांधा. सान इसिद्रोचा हा पोरगा आधी इंग्लंडमध्ये रिचमंड आणि ब्रिस्टलकडून खेळला, मग पॅरिसच्या स्ताद फ्राँसेकडून, शेवटी रेसिंगकडून. देशासाठी 71 कसोट्या (रग्बीतले आंतरराष्ट्रीय सामने) खेळल्या, त्या अशा घरापासून लांब राहून.

2007 मध्ये याच मंडळींनी सलामीलाच यजमान फ्रान्सला 17-12 हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा गाठ पडली तेव्हा 34-10 ने लोळवलं. जगात तिसरे! तरी दरवर्षी खेळायला स्पर्धा नाही. युरोपच्या सहा देशांची वेगळी (सिक्स नेशन्स), दक्षिणेकडच्या तिघांची वेगळी. गावजेवणाचं आवतण होतं, पंगतीत पान नव्हतं.

मला विचाराल तर त्या ब्राँझपेक्षा पिचोने निवृत्तीनंतर जे केलं ते मोठं. एकट्याने केलं असं नाही, पण बैठकांमधून भांडायला तो पुढे होता. 2012 मध्ये अर्जेंटिना न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धेत आली. 2016 मध्ये ब्यूनोस आयर्सचा स्वतःचा व्यावसायिक संघ सुपर रग्बीत (दक्षिणेकडच्या देशांतल्या व्यावसायिक संघांची स्पर्धा) उतरला, नाव ‘जग्वारेस’ (जुनी चूक दुरुस्त!). तीनच वर्षांनी तो अंतिम सामन्यात. मधली काही वर्षं युरोपात खेळणाऱ्यांना पुमासची दारं बंद ठेवली, ते मात्र मला पटलं नाही. ज्या वाटेने पिचो स्वतः मोठा झाला, तीच पुढच्या पोरांसाठी गुन्हा कशी?

2020 मध्ये पिचो जागतिक रग्बी संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. छोट्या देशांना मोठ्यांशी नियमित खेळू द्या, हा त्याचा आग्रह. पण मतदानात सिक्स नेशन्सच्या प्रत्येक देशाला तीन मतं, म्हणजे एकूण 51 पैकी अठरा तिथेच. 28-23 ने हरला. बिल बोमाँट पुन्हा अध्यक्ष झाले. त्याच वर्षी कोविडच्या गदारोळात जग्वारेसचाही सुपर रग्बीतला मुक्काम संपला.

आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला, चारशेहून अधिक दिवस एकही कसोटी न खेळलेल्या पुमासनी सिडनीत ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडला, इतिहासात पहिल्यांदा हरवलं, 25-15. सगळे पंचवीस गुण निकोलास सांचेसचे. तो जग्वारेसमध्ये खेळून गेलेला. तेव्हा त्याचा क्लब होता स्ताद फ्राँसे, पिचोचाच.