हरकत नाही!

शहाण्या माणसानं गल्लीच्या भानगडीत पडू नये, हे मला परवा वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तुम्हाला एवढा उशीर होऊ नये म्हणून सांगून ठेवतो.

पेपरातल्या जाहीर सूचनांचं पान सरळ भज्यांखाली घालावं. मी ते वाचलं, तिथंच चुकलो. मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, की आमच्या कॉलनीची मोकळी जागा एका संस्थेला भाडेपट्ट्यानं द्यायची आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. ले-आउट मंजूर करताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्यातली ही. तिचे पैसे प्लॉटच्या भावात आपणच मोजलेत, असले खुळे विचार माझ्या डोक्यात आले. (गुंठेवारीत राहत असाल तर तुम्ही सुटलात. मोकळी जागाच नाही, तर जाणार काय?)

आता महत्त्वाचं. सह्या गोळा करायला कधीही जाऊ नका. पहिलं घर गुरुजींचं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, "आधी चौघांच्या होऊ द्या, पाचवी माझी." शेजारी गेलो, तिथंही पाचवीच. आमच्या कॉलनीत पाचवी सही करायला सगळे एका पायावर तयार, दुसरी करायला कुणी नाही! एका वहिनींनी चहा पाजला, मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला आणि "ह्यांना विचारून सांगते" म्हणाल्या. हे आत टीव्ही बघत होते, बाहेरपर्यंत आवाज येत होता. एकानं तर थेट विचारलं, "कामून एवढं लावून धरायलाव? उभं राहायचंय का?" ग्रुपवर अर्जाचा फोटो टाकला, तर एकतीस अंगठे आले. आमच्या आजीचा अंगठा सावकार तरी मोजायचा. हे अंगठे कोण मोजतो? शेवटी सह्या झाल्या चार. मी, बायको, एक नवा भाडेकरू आणि निराधारच्या पगाराचा कागद समजून सही करणाऱ्या एक आजी.

नगरसेवकाला फोन करायचा असेल तर खुशाल करा. मुदती संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा फोन करायला माणूसच नव्हता. केवढी शांतता! आता प्रभागात चार-चार आहेत, आणि चौघंही प्रेमानं दुसऱ्याचा नंबर देतात.

माहितीचा अधिकार? 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दुखणं 150 शब्दांत बसवा, 30 दिवस थांबा. तोवर जागेभोवती पत्रे ठोकून होतात.

पाण्याबद्दल तर बोलूच नका. बोअर घ्या, तो आटला की टँकर, टँकर संपले की 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वे आलीच होती की.

तरीही हौस असेल तर सुनावणीला जा. अकराची वेळ होती, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते. साडेतीनला बाबूनं अर्ज उलटापालटा केला. "चारच सह्या? मग बाकी कॉलनीची हरकत नाही, असं लिहून टाकतो."

त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण काय देणार? त्यानं खरं तेच लिहिलं होतं.

शिव्या तुम्हाला द्यायच्यात. काल पत्रे ठोकले गेले आणि सकाळपासून ग्रुपवर तुमचेच फोटो चाललेत, "हे काय चाललंय? कुणी विचारणारं आहे की नाही?" होतं ना विचारणारं! तुमच्या दारात पेन घेऊन उभं होतं, तुम्ही त्याला सुशीला खाऊ घालून वाटेला लावलं. लाज वाटते का? त्याच जागेवर दर 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावता, रझाकारांपुढं छाती काढून उभं राहिलेल्यांची नावं घेता, पोरांना जिलेबी वाटता. आणि एका कारकुनाच्या टेबलावर आपलं नाव जाईल म्हणून तुमचे हात थरथरतात!

यंदा झेंडा पत्र्यालाच बांधू. गुरुजी, भाषणाच्या यादीत तुमचं नाव टाकलंय. पाचवं.