‘कंपनीचा मेडिक्लेम सोडा, पैसे हातात घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या नोकऱ्यांच्या ग्रुपवरून, बुटीबोरीच्या ग्रुपवरून, मिहानमध्ये कामाला असलेल्या भाचीकडून, आणि शेवटी आमच्याच युनिटच्या ग्रुपवर. मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच: कंपनीचा मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, फुकट नसतो, तुमच्याच पगारातून कापलेला असतो. २०२० पासून तो देणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यात कंपनीचे उपकार नाहीत. तेव्हा एचआरला लेखी द्या की पॉलिसी नको, तेवढी रक्कम पगारात द्या. त्या पैशातून स्वतःची पॉलिसी घ्या. तिच्यावर जीएसटी नाही, हप्त्यावर आयकरात ८०डीची सूट मिळते, आणि नोकरी सुटली तरी पॉलिसी तुमचीच राहते.

मी हिंगण्यात १४ वर्षं पगारपत्रकं करते आहे. त्यातली ९ वर्षं ग्रुप पॉलिसीचं, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या एकत्रित विम्याचं, कामही माझ्याकडेच आहे: नावं चढवणं, उतरवणं, रात्री-बेरात्री दवाखान्यातून येणारे फोन घेणं. हा मेसेज वाचून आमच्याकडच्या दोन पोरांनी खरंच अर्ज लिहून आणले, म्हणून लिहायला बसले. मेसेजमध्ये काही गोष्टी खऱ्या आहेत. त्या खऱ्या असल्यामुळेच बाकीचं सगळं लोकांना पटतं.

पहिला दावा, ‘तुमच्याच पगारातून कापतात’.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) म्हणून जी कपात दिसते तो मेडिक्लेम नव्हे. १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यात ज्यांचं वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी तो कायद्याचा विमा आहे. जुलै २०१९ पासून त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. १८,००० वेतन असेल तर तुमचे १३५ रुपये जातात आणि मालक ५८५ भरतो. मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करायला कायद्यानेच मनाई आहे. सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात आपण जातो ते याच पैशावर. यातून ‘मला नको’ म्हणून बाहेर पडता येत नाही, आणि त्याच्या बदल्यात रोख मागता येत नाही.

खासगी ग्रुप मेडिक्लेम लागतो तो मुख्यतः २१,००० च्या वर गेलेल्यांना. त्यात कंपनी भरत असलेला हप्ता स्लिपच्या कपातीच्या रकान्यात नसतो. तो असतो नोकरीच्या पत्रासोबतच्या सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, तक्त्यात. कपातीत दिसतो फक्त तुमचा स्वतःचा वाटा, म्हणजे बहुतेक ठिकाणी आईवडिलांचा हप्ता किंवा वाढीव कव्हरचा हप्ता. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा, पाच मिनिटांत कळतं. सीटीसीत धरलेला हप्ता ही तुमच्याच कामाची मिळकत आहे, हे मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. ती उपकार म्हणून कुणी सांगत असेल तर चूकच. पण मिळकत आहे म्हणून ती मोडून नोटांमध्ये घेता येते, हे मात्र त्यातून निघत नाही.

दुसरा, ‘२०२० पासून सक्ती’.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमधून कारखाने उघडताना केंद्राच्या गृह मंत्रालयाने ज्या अटी घातल्या, त्यात कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा, अशी अट होती. ती साथीच्या काळातली अट होती. आज ईएसआयच्या मर्यादेवरच्या पगाराला खासगी मेडिक्लेम मिळतो तो तुमच्या नेमणुकीच्या अटींप्रमाणे. म्हणजे कंपनी तो कमी करू शकते, वाटा बदलू शकते, बंदही करू शकते. ‘पॉलिसी नको’ असं लेखी देणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावं, कारण असा कागद मालकाला रिन्युअलच्या, म्हणजे पॉलिसी दरवर्षी नवी करायच्या, वेळी फार उपयोगी पडतो.

तिसरा आणि सगळ्यात घातक दावा, ‘तेवढीच रक्कम पगारात मागा आणि स्वतःची पॉलिसी घ्या’.

माणशी हप्ता ही सरासरी असते. समजा ६२ माणसं, त्यांच्या बायका-नवरे, पोरं, सगळ्यांची वयं आणि गेल्या वर्षीचे क्लेम एकत्र मांडून विमा कंपनी आकडा देते. कंपनीने भरलेल्या पॉलिसीत पात्र असलेले सगळेच्या सगळे लोक आत असावेत अशी अट असते, ती याचसाठी. पंचविशीतली धडधाकट मुलं बाहेर काढली तर उरलेल्यांची सरासरी चढते. त्या मुलांचा सरासरीएवढा हप्ता वाचतच नाही, मग तो पगारात कुठून देणार?

हे पुस्तकी वाटेल, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आधीच्या नोकरीत आईवडिलांचा हप्ता निम्मा कंपनी आणि निम्मा कर्मचारी भरत असत. सत्तर-एक नावं होती. मग मालकांनी आपला निम्मा वाटा काढून घेतला आणि ज्याला हवं त्याने पूर्ण पैसे भरावेत असं ठरलं. पहिल्याच वर्षी नावं ३१ वर आली. गळाले कोण? ज्यांचे आईवडील सकाळी अंबाझरीला फेऱ्या मारतात ते. राहिले कोण? डायलिसिसवाले, बायपास झालेले, गुडघे बदलायचे असलेले. साहजिकच क्लेम हप्त्याच्या वर गेले, पुढच्या वर्षी दर जवळपास दीडपट झाला आणि नावं १२ वर आली. तिसऱ्या वर्षी एवढ्या नावांसाठी विमा कंपनीने दरच दिला नाही. त्या बारा घरांना मी फोन केले होते. एकाची आई फोनवर म्हणाली, ‘आता काय करायचं सांगा न मॅडम.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कंपनीचा वाटा हे काम करतो. निम्मे पैसे दुसरं कोणी भरत असेल तर धट्टेकट्टे आईवडीलही यादीत राहतात, आणि त्यांच्यामुळे आजारी माणसाला परवडेल असा दर टिकतो. वाटा काढला की आधी निरोगी माणूस जातो आणि मग आजाऱ्याला जावं लागतं.

आता ‘स्वतःची पॉलिसी घ्या’ हे कुणाला सांगताय ते बघा. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला थांबावं लागतं. ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकते, २०२४ पर्यंत ती ४ वर्षं होती. शुगर, बीपी, थायरॉइड लिहिलं की बऱ्याचदा हप्ता वाढवून मागतात, कधी पॉलिसीच नाकारतात. ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, बाळंतपणही बऱ्याचदा असतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक टर्नर नवीन लागले. वय ५१, शुगर ९ वर्षांपासून. नोकरीला सात आठवडे झाले होते तेव्हा रात्री अकराच्या सुमारास छातीत दुखायला लागलं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा वहिनी बिलिंगच्या खिडकीशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. आत डॉक्टर कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने थेट दवाखान्याला पैसे द्यावेत यासाठीचा, फॉर्म भरत होते, त्यात ‘मधुमेह, किती वर्षांपासून’ असा रकाना असतो. वहिनींनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, ते शुगरचं लिहू नका देऊ न. नाही तर पैसे नाही देणार ते.’ मी म्हटलं, वहिनी, खरं लिहू द्या, या पॉलिसीत चालतं. त्यांना ते पटलेलं नव्हतं. मंजुरीचा मेसेज पहाटे तीनच्या थोडं आधी आला, तोवर त्यांनी घरी फोन करून दागिन्यांची पिशवी काढून ठेवायला सांगितली होती. अँजिओप्लास्टी झाली. सुटताना हातमोजे, कागदपत्रं, जेवण असल्या न धरलेल्या बाबींचे ९ हजार आणि काही रुपये भरून भाऊ घरी गेले. या माणसाने नोकरी धरताना ‘मेडिक्लेम नको, महिन्याला हजार रुपये जास्त द्या’ म्हटलं असतं, तर सात आठवड्यांत त्याच्याकडे दोन हजार रुपयेही जमले नसते. आणि स्वतःची पॉलिसी काढली असती तरी ती या दुखण्याला त्या दिवशी कामाला आली असती, असं मला वाटत नाही.

चौथा, जीएसटी आणि ८०डी.

जीएसटीचं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच कव्हर) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर तो अजून आहे. पण कंपनीच्या वाट्यावरचा जीएसटी कंपनी भरते, तुमच्या खिशातून फक्त तुमच्या वाट्यावरचा जातो. १८ टक्के वाचवायला तीन वर्षांची वाट पत्करायची का, हा हिशेब ज्याच्या घरात आजार आहे त्याने मांडून बघावा.

८०डीचं मात्र अर्धवट सांगितलं आहे. ती सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते: स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी २५,००० पर्यंत, आईवडिलांसाठी आणखी २५,०००, ते ज्येष्ठ असतील तर ५०,०००. आता नवी पद्धत ही मूळ पद्धत झाली आहे आणि २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. महिना ४० हजार पगाराच्या माणसाला मुळात करच नाही, तर सूट कशातून घेणार? उलट कंपनीने भरलेला हप्ता कोणत्याही पद्धतीत तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. तोच पगारात घेतलात की तो पगार झाला, आणि कर भरणाऱ्याला त्यावर कर आला. जुन्या पद्धतीत राहिलेल्यांनी एक करावं: आईवडिलांसाठी पगारातून कापलेल्या तुमच्या वाट्यावर सूट मागता येते, त्याचं पत्र अकाउंट्सकडून दरवर्षी मागून घ्यावं. आमच्याकडे मागायला फार थोडे येतात.

पाचवा, ‘नोकरी सुटली की कंपनीची पॉलिसी शून्य’.

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण ही भीती खरी आहे. शेवटच्या दिवशी नाव उतरतं. पन्नाशीत नोकरी गेली तर नवी पॉलिसी मिळणं कठीण, हेही खरं. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्हींत ग्रुप सोडावा लागत नाही. पहिला म्हणजे तिशीच्या आत, तब्येत चांगली असताना, स्वतःची छोटी पॉलिसी काढून ठेवा. कंपनीचं कव्हर ३ लाख असेल तर ३ लाखांच्या वर लागू होणारा सुपर टॉप-अप (जोड पॉलिसी) बराच स्वस्त पडतो. दोन पॉलिसी असल्या तर एकीत न भागलेलं दुसरीत मागता येतं. दुसरा उपाय फार कमी लोकांना ठाऊक आहे: ग्रुपमधून निघताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वाट पाहण्याच्या मुदतीतून वजा होतात. विमा कंपनी तब्येत तपासू शकते, पण अर्ज वेळेत करायला हवा. राजीनामा देताना एचआरला विचारा, नाव उतरल्यावर महिन्याने विचारू नका.

मेसेजमध्ये जे मागायला हवं होतं ते कुठेच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. मालकाशी बोलायचंच असेल तर रूम रेंटबद्दल बोला. ३ लाखांच्या कव्हरवर खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का असेल तर दिवसाला ३,०००. रामदासपेठेत कुणी ६,००० ची खोली घेतली तर खोलीचेच नाही, डॉक्टरांच्या व्हिजिटचे आणि ऑपरेशन थिएटरचे पैसेही निम्मे कापले जातात. औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत, एवढाच दिलासा. आमच्या मागच्या रिन्युअलला विमा कंपनीने दर वाढवून मागितला तेव्हा मालकांसमोर तीन पर्याय होते: आईवडिलांचा सगळा हप्ता कर्मचाऱ्यांवर टाकायचा, रूम रेंटला मर्यादा लावायची, किंवा आईवडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे ठेवायचा, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा कर्मचाऱ्याने भरायचा. त्या बैठकीला कर्मचाऱ्यांकडून दोघेच आले होते. मी त्या सत्तर नावांची आणि मग बारा नावांची गोष्ट सांगितली. शेवटी १० टक्के को-पे ठरला, कंपनीचा निम्मा वाटा राहिला, रूम रेंट होता तसाच राहिला. तुमच्या बाजूने बोलणारी दहा माणसं असती तर कदाचित तो १० टक्केही टळला असता.

ते दोन अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, पुढे पाठवलेले नाहीत. त्यातल्या एकाचं लग्न मे महिन्यात आहे. लग्नानंतर ३० दिवसांत बायकोचं नाव द्यावं लागतं, नाही तर पुढच्या रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं. त्याने सोमवारी येऊन भेटावं.