लांब हाड लांबीवरून ठरत नाही

‘एका रात्रीत 206 हाडं पाठ’ असा एक मेसेज सध्या मुंबईतल्या नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या ग्रुपांवर फिरतो आहे. काल तो भाचीने मला पाठवला. खाली विचारलं होतं, ‘मावशी, सोमवारी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) आहे, एवढं केलं तर चालेल ना?’

नाही चालणार.

मेसेजचं म्हणणं असं: आकाराने मोठी ती लांब हाडं आणि छोटी ती आखूड. म्हणून मांडीचं, दंडाचं हाड आणि बरगड्या लांब, तर बोटांची हाडं आखूड. खरं हाड हातात घ्यायची गरज नाही, मोबाइलवरचं थ्रीडी चित्र पुरतं. बाळाला 300 हाडं असतात, त्यातली 94 विरघळतात. पुरुषाला एक बरगडी कमी असते. शेवटी, ‘शरीरात 206 हाडं, ना एक कमी ना एक जास्त.’

सगळ्यात घातक आहे तो पहिला मुद्दा. हाडांचं वर्गीकरण फूटपट्टीने होत नाही, घडणीवरून होतं. लांब हाडाला मधे दांडा असतो आणि दोन टोकं असतात. दांड्याची भिंत टणक, आत बहुधा पोकळी आणि त्यात मगज, म्हणजे बोनमॅरो. वाढत्या वयात टोकाजवळ कुर्चेची (कार्टिलेजची) एक पट्टी असते, तीच ग्रोथ प्लेट. हाड लांबीला वाढतं ते तिच्यामुळे. ही घडण बोटाच्या प्रत्येक पेरात आहे. पायाच्या करंगळीच्या टोकाचं हाड चवळीच्या दाण्याएवढं, तरी ते लांब हाडांतच मोजायचं. उलट टाचेचं हाड मोठ्या माणसात सात-आठ सेंटिमीटर भरतं आणि तरी आखूड हाडांत बसतं, कारण त्याला दांडा नाही. बाहेर टणक हाडाचं पातळ कवच आणि आत जाळीदार हाड. ग्रेची अ‍ॅनाटॉमी या शरीररचनेच्या जुन्या पाठ्यपुस्तकाची 1918 सालची आवृत्ती उघडून पाहा: तळहाताची, तळपायाची आणि बोटांची हाडं लांब हाडांच्या यादीत आहेत आणि बरगड्या चपट्या हाडांच्या. शंभर वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट आज उलटी करून पाठ करायला लावायची?

नाव चुकलं तर मार्क जातील, एवढ्यावर हे थांबत नाही. बोटाचं हाड आखूड असं डोक्यात बसलं की तिथे ग्रोथ प्लेट असते हे सुचतच नाही. शिवाजी पार्कवर दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बोटावर सीझनचा चेंडू बसतो. बोट सुजतं, घरचे ‘मुका मार आहे’ म्हणतात आणि कुणीतरी ते ओढून घट्ट बांधून देतं. बोटांच्या पेरांत ही पट्टी मुळाच्या बाजूला असते. तळहाताच्या हाडांपैकी अंगठ्याच्या हाडातही ती मुळाशी, उरलेल्या चारांत मात्र बोटाकडच्या टोकाला. एक्स-रे बघताना हे माहीत नसेल तर पट्टीलाच फ्रॅक्चर समजाल, किंवा खरं फ्रॅक्चर पट्टी म्हणून सोडून द्याल. मुलाला हळूच मूठ मिटायला सांगा. एक बोट शेजारच्या बोटावर चढत असेल तर हाड फिरलेलं आहे आणि ते आपोआप सरळ होत नाही. दारात बोट चेमटून नख मुळाशी उचकटलं असेल तर आणखी सावध व्हा. खाली ग्रोथ प्लेटपाशी फ्रॅक्चर असू शकतं आणि तेही उघडं. नुसतं बँडेज बांधून घरी पाठवलं तर आत पू होऊ शकतो.

बरगडीचंही तसंच. ती लांबट असली तरी चपटं हाड आहे, आत जाळी आणि त्यात लाल मगज. मोठ्या माणसात रक्तपेशी मुख्यतः बरगड्या, छातीचं हाड, कंबरेचं हाड, मणके यांतच तयार होतात. मगजाची तपासणी कंबरेच्या हाडातून का करतात, नडगीतून का नाही, याचं उत्तर या वर्गीकरणात आहे.

गळ्याच्या हाडापाशी मात्र मला थोडं मागे यावं लागतं. ते लांब हाडांत धरतात, पण त्यात मगजाची पोकळी नसते आणि गर्भात ते बहुतांशी कुर्चेऐवजी पडद्यातून तयार होतं. तिथे नियम ताणावा लागतो, हे मान्य.

थ्रीडी चित्राबद्दल. नावं पाठ करायला चालेल, बाजू ओळखायला नाही. व्हायव्हात हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न असतो ‘डावं की उजवं?’ मांडीचं हाड घेतलं तर गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, दांड्याचा फुगवटा पुढे, खरखरीत कंगोरा मागे. तिन्ही जमल्याशिवाय तोंड उघडू नये. मुलं डोकं आतल्या बाजूला धरतात आणि पुढचं-मागचं तपासायचं विसरतात, मग उत्तर नेमकं उलटं येतं. गुडघ्याची वाटी टेबलावर ठेवा, गुळगुळीत बाजू खाली आणि टोक आपल्यापासून लांब. ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूची, कारण गुळगुळीत भागाचा बाहेरचा हिस्सा मोठा असतो. स्क्रीनवरची वाटी कलत नाही.

बाळाची हाडं विरघळत नाहीत, जुळतात. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीचे पाच मणके मिळून एक हाड होतं, कंबरेच्या प्रत्येक बाजूची तीन मिळून एक. 300 हा आकडा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, काही जण 270च्या आसपास मोजतात.

बरगड्या बाईला 24, पुरुषालाही 24. यावर आणखी काय लिहायचं!

राहिला 206 हा आकडा. तो खोटा नाही. डोकं, कानातली सहा, जिभेखालचं एक, पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचं हाड मिळून 80; हात, पाय आणि ते धडाला जोडणारी खांद्याची व कंबरेची हाडं मिळून 126. पण ‘ना एक कमी ना एक जास्त’ हे चूक. कुणाला मानेपाशी जादा बरगडी असते, कवटीच्या सांध्यांत सुटे तुकडे असतात. पायाच्या अंगठ्याखालची दोन छोटी हाडं तर या आकड्यात धरतच नाहीत. बऱ्याच जणांच्या पायाच्या करंगळीत तीनऐवजी दोनच हाडं असतात, मधलं आणि टोकाचं जुळलेलं. सोमवारी आकडा विचारला तर 206 सांग. ‘सगळ्यांनाच?’ असं पुढे विचारलं तर करंगळीचं सांग.