सोन्याचा विमा, लॉकर आणि चवथीच्या तोंडावर फिरणारा मेसेज

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, शहरातले फ्लॅट बंद करून लोक गावच्या घरी निघाले, की हा मेसेज हमखास फिरतो: 'सोन्याचा विमा म्हणजे पैसे पाण्यात. लॉकरातल्या सोन्याला बँक जबाबदार, घरातलं सोनं घराच्या पॉलिसीत येतंच, वेगळा विमा काढला की आयकरवाल्यांना पत्ता लागतो, आणि शेवटी कंपन्या क्लेम देतात कुठे?' यातली लॉकर, घराची पॉलिसी आणि आयकर ही तीन विधानं चुकीची आहेत. क्लेमच्या शेवटच्या विधानात तथ्य आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं ते नव्हे.

आधी लॉकर. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती. भाडं 2,000 रुपये असेल तर 2 लाख. आजच्या भावाने त्यात दोन तोळेही येत नाहीत. पूर, भूकंप, वीज यांनी नुकसान झालं तर तेवढंही नाही. जुलै 2021 मध्ये गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते पाहिलेल्यांना तळमजल्यावरच्या लॉकरबद्दल वेगळं सांगायला नको. शिवाय लॉकरात काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही, आणि त्या ऐवजाचा विमा बँकेने विकायलाही मनाई आहे. तो आपला आपणच बघायचा.

घराच्या पॉलिसीचा मुद्दा जास्त फसवा आहे. 1 एप्रिल 2021 पासून सर्व कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. तीत घराच्या विम्यासोबत सामानाला आपोआप संरक्षण मिळतं, घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख. लोक इथेच थांबतात. दागिने या सामानात धरले जात नाहीत. मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय जादा हप्ता भरून घ्यावा लागतो. रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू 1 लाखाच्या आतली असेल तर मूल्यमापनाचा दाखला लागत नाही. पण आता एक पाटलीसुद्धा लाखाच्या वर जाते, तेव्हा ही सवलत बहुतेकांच्या कामाची नाही.

हा पर्याय घेतला तरी चोरीचं काय? ही पॉलिसी मुळात आग, पूर, वादळ यांसाठी आहे. अशी आपत्ती आल्यावर सात दिवसांत झालेली चोरीच तीत बसते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यायचं. त्यातही मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलंय की घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर अशी अट असेल, तर ती सिद्ध व्हायलाच हवी. कौलं उतरवून चोर आत आला, खिडकीचे गज वाकवले, तर ठीक. पण ओळखीतल्या एका घरी दुपारी पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं, माणसं मागे विहिरीवर, कपाटाला किल्ली तशीच. मोहनमाळ आणि चार बांगड्या गेल्या. कुठे ओरखडासुद्धा नव्हता, क्लेम नामंजूर. पॉलिसीत साध्या चोरीचाही समावेश आहे का, हा प्रश्न हप्ता भरण्याआधी विचारायचा असतो. अनेक पॉलिसींत घर सलग 30 दिवसांहून जास्त बंद राहिलं तर घरफोडीचं संरक्षण थांबतं. बोटीवर किंवा आखातात नोकरी असलेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

अंगावरच्या दागिन्यांचं तर आणखी निराळं. जत्रेत गंठण ओढलं किंवा लग्नाच्या हॉलमधून पेटी गेली, तर घराची पॉलिसी सहसा हात वर करते. त्यासाठी 'ऑल रिस्क' प्रकारचं, म्हणजे घराबाहेरही लागू होणारं कव्हर लागतं आणि ते महाग असतं. म्हणून घरातल्या गुंजन् गुंज सोन्याचा विमा काढा असं मी म्हणणार नाही. जे वरचेवर अंगावर घालून बाहेर पडता आणि जे गेलं तर पुन्हा घेणं झेपणार नाही, तेवढ्याचा काढा. आजीच्या नथीतल्या आठवणींचे पैसे कुठलीच कंपनी देत नाही.

आयकराची भीती तर निव्वळ अफवा. विम्याला केवायसी लागते, तशी ती लॉकरलाही लागते. सोनं किती ठेवावं याला कायद्याने मर्यादा नाही; फक्त ते कुठून आलं हे सांगता आलं पाहिजे. आयकर खात्याच्या 1994 च्या सूचनेनुसार झडतीतसुद्धा विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅम, अविवाहित मुलीचे 250 आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत.

राहिला क्लेम. तो बऱ्याचदा अडकतो कागदांवर. शेटाने (सोनाराने) चिठ्ठीवर लिहिलेलं वजन पुरत नाही. बिल नसेल तर नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला घ्या, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, नव्यावरचा सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक टिपून ठेवा, आणि हे सगळं त्याच कपाटात ठेवू नका. चोरी झाली की लगेच पोलीस तक्रार आणि कंपनीला कळवणं. तरीही कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. गोव्याची प्रकरणं मुंबईच्या कार्यालयात जातात. फी नाही, वकीलही लागत नाही.