कोणाचं नेट घेऊ? आधी सांगा, दुरुस्तीला कोण येतं

ग्रुपवर, इनबॉक्समध्ये, लग्नात पंगतीला बसल्यावर सुद्धा मला हाच प्रश्न येतो, "अगं तू आयटीत आहेस ना, घरी कोणाचं नेट घेऊ सांग." आयटीत असण्याचा आणि घरच्या राउटरवर लागलेल्या लाल लाइटचा काडीचा संबंध नाही पण ते असो. मी उलट विचारलं की तुमच्या विंगमध्ये कोणाकोणाची लाइन आलेली आहे, तर समोरचा गप्प होतो. त्याला एक नाव हवं असतं. जिओ घे, एअरटेल घे, बीएसएनएल घे, असं काहीतरी पटकन सांगून मोकळं व्हावं अशी अपेक्षा. आणि मी ते नाव सांगत नाही म्हणून बऱ्याच जणांना मी शहाणपणा करते असं वाटतं.

तर एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत असं की कंपनीचं नाव हा सगळ्यात शेवटचा मुद्दा आहे. रस्त्यावरच्या पोलपासून तुमच्या हॉलपर्यंत जी शेवटची दोनतीनशे मीटर वायर येते ती कोण ओढतो आणि तुटली की कोण जोडतो, नेट चांगलं की वाईट हे ऐंशी टक्के तिथेच ठरतं. मागे मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये काय भारी मशिनरी आहे त्याने तुम्हाला फरक पडत नाही, कारण ती सहसा बंद पडतच नाही. बंद पडते ती तुमच्या जिन्यातली वायर.

आता बघा, एकच कंपनी, एकच प्लॅन, पुण्यात धायरीत लोक खूश आणि तिथून दोन किलोमीटरवर लोक शिव्या घालतायत, असं का होतं? कारण बहुतेक ठिकाणी लाइन सांभाळायचं काम स्थानिक माणसाकडे, म्हणजे आपल्या जुन्या केबलवाल्याकडे किंवा ठेकेदाराच्या पोरांकडे असतं. बीएसएनएलचं फायबर तर बऱ्याच भागात सरळ पार्टनरकडूनच येतं, बिलाचे पैसे वाटून घेतात, म्हणजे बिलावर नाव सरकारी आणि दारात येणारा माणूस केबलवाला. तो चांगला असेल तर बीएसएनएलइतकं चांगलं नेट नाही, आणि तो फोन न उचलणारा असेल तर दिल्लीला पत्र लिहा नाहीतर ट्विट करा, तुमची लाइन तशीच लोंबकळत राहणार.

आणि वायर तुटते कशी तेही लक्षात घ्या. आपल्याकडे निम्म्या केबली अजून डोक्यावरूनच जातात. पालिका अधूनमधून मोहीम काढून लोंबकळणाऱ्या वायरी कापते. गणपतीत उंच मूर्ती निघाली की मंडळाची पोरं बांबूने केबल वर उचलतात, नाही उचलली गेली तर सरळ कापतात, आणि मग विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीचं नेट गेलेलं असतं. पाणीपुरवठ्याच्या खोदाईत जेसीबी असतोच. डक्टमधून, म्हणजे वायरी न्यायच्या बंदिस्त मार्गातून, नेली तर उंदीर. फायबर तुटली की तांब्याच्या तारेसारखी पीळ देऊन जोडता येत नाही, स्प्लाइसिंगचं मशीन घेऊन माणूस यावा लागतो, आणि ते मशीन महाग म्हणून एका ठेकेदाराकडे एकदोनच असतात. तुमच्या भागात ते मशीन किती वेळात पोचतं हा खरा प्रश्न, तो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

म्हणून शेजाऱ्यांना "नेट कसं आहे हो?" असं विचारू नका. सगळे "ठीक आहे" म्हणतात, आपल्या लोकांची सवयच आहे. विचारायचं असं, मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा कोणाला फोन केला, तो उचलला का, किती तासांनी माणूस आला, आणि रविवार होता का. रविवारचं उत्तर नीट ऐका. आणि हे तुमच्याच विंगमधल्या, जमलं तर तुमच्याच मजल्यावरच्या माणसाला विचारा, कारण बाजूच्या विंगचा बॉक्स वेगळा असू शकतो. सोसायटीच्या वॉचमनला विचारलं तर अजून उत्तम, कोणत्या कंपनीची पोरं सारखी शिडी मागायला येतात हे त्याला पाठ असतं.

स्पीडबद्दल थोडं बोलते. २०० घेऊ की ३००, ५०० घेतलं तर बरं पडेल का, मुलं गेम खेळतात... अहो, नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ४के व्हिडिओला १५ एमबीपीएस पुरतात आणि फुल एचडीला ५. घरात दोघं मीटिंगमध्ये, एकजण टीव्ही बघतोय, एक पोरगं यूट्यूबवर, सगळं धरून ४०-५० च्या वर जाणं कठीण. १०० एमबीपीएस चार माणसांच्या घराला भरपूर झाले. (हे एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मोबाइलवर डाउनलोड करताना दिसतं ते मेगाबाइट, आठाने भागायचं. १०० च्या लाइनवर १२ च्या आसपास दिसलं की फसवलं म्हणून केबलवाल्याशी भांडू नका, ते बरोबर आहे.) गेमवाल्या पोरांना स्पीड नको असतो, पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी हवा असतो, आणि तो ५०० चा प्लॅन घेऊन कमी होत नाही.

आम्ही २००५ साली बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं तेव्हाचे लोक. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं म्हणून लोक गजर लावून दोनला उठायचे. सरकारच्या व्याख्येत तर २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, आता ती २ एमबीपीएस केलीये. आणि आज लोक ३०० मिळत नाही म्हणून रडतायत.

आता ज्यांना खरंच "स्पीड येत नाही" असं वाटतं त्यातल्या बहुतेकांची लाइन चांगली असते आणि वायफाय बोंबललेलं असतं. राउटर कुठे असतो? टीव्हीच्या युनिटच्या आत, काचेच्या दारामागे, वर गणपतीची मूर्ती. किंवा बाहेर डक्टजवळ, कारण आलेल्या पोराने केबल वाचवली. मग बेडरूममध्ये दोन दांड्या येतात आणि माणूस वरचा प्लॅन घेतो. नळाला पाणी नाही म्हणून मोठी बादली आणण्यातला प्रकार. एक साधी टेस्ट करा, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड बघा. तिथे पूर्ण येत असेल तर कंपनीचा दोष नाही. पूर्ण येत नसेल आणि बरोबर ९४-९५ वर अडकत असेल तर राउटरचं पोर्टच शंभरचं आहे किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत, म्हणजे तुम्ही २०० चे पैसे देताय आणि केबलवर १०० वापरताय. हे फार घरांत असतं, बघाच.

माझ्या सासरी चिपळूणला जांभ्या दगडाचं घर आहे, भिंती हातभर जाड. तिथे राउटरच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एक भिंत सुद्धा पार करत नाही, २.४ कसंबसं माजघरापर्यंत पोचतं. मामंजींना त्यांच्या ओळखीतल्या एकाने प्लॅन डबल करायला सांगितलेला. मी ओटीवरून मागच्या पडवीपर्यंत लॅनची केबल ओढून घेतली आणि तिथे दुसरा साधा राउटर लावला, दोन हजाराच्या आत काम झालं, ते सुद्धा एकदाच. प्लॅन आहे तोच. बाकी कोकणात पावसात झाड पडून लाइन जाणं आणि त्याआधी लाइट जाणं हे धरूनच चालायचं, राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, इन्व्हर्टरची वाट बघू नका.

आता पैशाचं, ज्यासाठी निम्मे लोक इथपर्यंत वाचत आले असतील.

जाहिरातीतला आकडा हा तुमचा आकडा नसतो, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ६९९ म्हणजे जवळपास ८२५. ९९९ म्हणजे ११७९. वरचा प्लॅन घेताना "तीनशेच तर जास्त आहेत" असं वाटतं, ते तीनशे वर्षाला टॅक्स धरून ४,२४८ होतात. त्यात ओटीटी फुकट असं सांगतात, तर ते ओटीटी तुम्ही एरवी विकत घेतलं असतं का हा हिशोब करा. आमच्या ओळखीच्या एका काकांकडे प्लॅनबरोबर इतके अ‍ॅप आलेत की नावं माहीत नाहीत, आणि काका बघतात यूट्यूबवर कीर्तन.

अनलिमिटेड हा शब्द पण वाचून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर महिन्याला साधारण ३,३०० जीबीची मर्यादा असते, ती साध्या घराला संपवणं अवघड. पण एअरफायबर म्हणजे गच्चीवर डबा लावून ५जीवर देतात ते, त्यात जिओकडे ती १,००० जीबी आहे. आणि एअरफायबर हे फायबर नाही, नावात आहे म्हणून फसू नका. जिथे वायर येऊच शकत नाही तिथे ते वरदान आहे, माझं काही वैर नाही, पण त्याच टॉवरवर आसपासचे सगळे मोबाइल असतात, त्यामुळे संध्याकाळी आठ ते अकरा काय होतं ते शेजारच्या गच्चीवाल्याला विचारून मग पैसे भरा.

सगळ्यात मोठी डील म्हणून जे गळ्यात मारतात ते सहा महिने नाहीतर वर्षाचं आगाऊ पेमेंट. इन्स्टॉलेशन फुकट, एखादा महिना फुकट, राउटर फुकट. मी म्हणेन पहिल्यांदा घेताना अजिबात नाही. इन्स्टॉलेशनचे हजार रुपये गेले तर जाऊ द्या, आधी महिन्याचा प्लॅन घ्या, एक पाऊस बघा, एक रविवार बघा, मग वर्षाचं भरा. एकदा वर्षाचे पैसे कंपनीच्या हातात आले की तुमच्या कॉलची किंमत कमी होते, हे मी आमच्याच सोसायटीत एका प्रोव्हायडरचं बघितलंय, महिन्यावाल्यांकडे माणूस त्याच दिवशी आणि वर्षवाल्यांना "सर टीम फील्डवर आहे". योगायोग असेल, पण मला तरी पटत नाही. लाइन चांगली आहे याची खात्री झाली की मात्र वर्षाचं भरण्यात फायदाच आहे, तिथे संकोच करू नका.

जुन्या गिऱ्हाइकाला कुठलीच कंपनी आपणहून ऑफर देत नाही हे एक. नव्याला सगळं, जुन्याला एसएमएस. मग काय करायचं, बंद करायचंय म्हणून कस्टमर केअरला रिक्वेस्ट टाकायची. बऱ्याचदा एकदोन दिवसांत दुसऱ्याच नंबरवरून गोड आवाजात फोन येतो आणि तोच प्लॅन स्वस्तात किंवा स्पीड वाढवून मिळतो. नेहमी मिळेल असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. लोकल केबलवाल्याकडे तर सरळ घासाघीस चालते, मजल्यावरची चार घरं मिळून गेलात तर तो बरोबर खाली येतो.

आणि खरंच बंद करणार असाल तर राउटर परत दिल्याची पावती घ्या. लेखी. फोटो काढून ठेवा. पोस्टपेड असेल तर नुसतं भरणं थांबवलं म्हणजे बंद झालं असं नसतं, बिल चालूच राहतं आणि मग वसुलीवाल्यांचे फोन. डिपॉझिट परत कधी, किती, हे घेतानाच ईमेलवर लिहून घ्यायचं. घरच्या नेटला मोबाइलसारखं पोर्टिंग नसतं, नवीन घ्यायचं म्हणजे नवीन वायर, म्हणून जुनी लाइन नवीन चालू झाल्यावरच तोडा.

ज्यांची रोजीरोटी नेटवर आहे त्यांनी एक महागडी लाइन घेण्यापेक्षा दोन स्वस्त घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. पण दोन्ही एकाच पोलवरून येत असतील तर उपयोग शून्य, बांबू दोन्ही एकदमच तोडणार. एक वायरची आणि दुसरी मोबाइल नाहीतर एअरफायबरची, असं चालतं.

तक्रार करायची वेळ आली तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याने काम झालं नाही तर प्रत्येक कंपनीला अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो, वेबसाइटवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो, त्याला डॉकेट नंबरसकट लिहा. तरी नाही झालं तर केंद्र सरकारचं तक्रारींचं पीजी पोर्टल. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लिहून थांबलेले लोक मी बघितलेत, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते नियम करतात.

सोसायटीचं राजकारण हा वेगळा विषय आहे, कुठे बिल्डरने एकाच कंपनीला डक्ट दिलेला असतो, कुठे कमिटी नव्या कंपनीकडून वर्षाचे पैसे मागते आणि ती कंपनी येतच नाही. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायचे नियम केलेत, पण ते आपल्या जुन्या बिल्डिंगीत कधी दिसतील तेव्हा दिसतील. तोवर सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये, पार्किंगवर दोन तास भांडून झालं की शेवटची दहा मिनिटं यावर घ्या, निदान दोन कंपन्यांना डक्ट खुला करा, एकच असली की भाव पण तीच ठरवते आणि यायचं कधी ते पण तीच.

दिवाळीच्या ऑफरसाठी थांबू का असं दोघांनी विचारलंय. थांबू नका, ऑफरी बारा महिने असतात, नावं बदलतात. कमेंटमध्ये नुसते प्लॅनचे स्क्रीनशॉट टाकून "हे घेऊ का" विचारू नका, मी उत्तर देणार नाही. एरिया सांगा, बिल्डिंग किती जुनी ते सांगा, आणि वॉचमन काय म्हणाला ते सांगा.